येताना ताट घेऊन यावे

बेलापुरात पेठेच्या तोंडाशी माझं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. आधार कार्ड, रेशन कार्ड, दहावीची गुणपत्रिका, कुलदैवताचा फोटो, जे समोर येईल ते मी प्लास्टिकच्या दोन पदरांत घालतो आणि गरम मशीनमधून सरकवतो. उद्या प्रलय आला तर माणसं बुडतील, पण बेलापूरची रेशन कार्डं प्रवरेच्या पाण्यावर कोरडी ठणठणीत तरंगत राहतील. असा मी. आणि पृथ्वी वाचवायचं खूळ डोक्यात शिरलं ते माझ्याच.

झालं असं की गावातल्या शाळेत स्वच्छता पंधरवडा चालू होता. 'पर्यावरणपूरक सोप्या सवयी' असं लिहिलेला मोठा कागद मुख्याध्यापकांनी माझ्याकडे लॅमिनेशनला दिला होता. तो न्यायला ते घाईघाईत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. नगरहून यायचे ते पाहुणे येणार नव्हते.

"वैजनाथराव, मुलं मैदानात बसलीत. तुम्हीच चला आणि चार शब्द बोला."

"मी? मला काय येतं?"

"कागद आहे ना हातात. वाचा."

मी वाचला. लॅमिनेशन अजून गरम होतं, त्याचा वास येत होता, आणि मी माइकवरून सांगत होतो की प्लास्टिकला नाही म्हणा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलं सुट्टी लवकर मिळणार असेल तर कशालाही टाळ्या वाजवतात, हे मला शाळेत असताना चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशी विसरलो. घरी येईपर्यंत मी निराळाच माणूस झालो होतो.

आधी घर सुधारायला घेतलं. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचा, हा पहिला नियम. तो मी इतक्या कडकपणे पाळला की आत बायको भाकरी थापत असतानाही स्वयंपाकघरातला दिवा बंद करून बाहेर पडलो. शॉवर बंद केला, बादलीवर आलो. मग ज्योतीला, म्हणजे माझ्या बायकोला, तांदूळ धुतलेलं पाणी फेकू नये, ते झाडांना घालावं, असं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग एवढे दिवस त्या कढीपत्त्याला काय पावसाचं पाणी मिळत होतं का?"

दुकान घरापासून चालत जाण्यासारखं आहे आणि मी आजवर चालतच जात होतो. पण चालणारा माणूस पर्यावरणासाठी चालतोय, हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून सायकल घेतली. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, "वैजूभाऊ, पाय दुखतात का?" मी म्हणायचो, "नाही, सवय लावतोय." खरं तर ह्या एका वाक्यासाठीच ती घेतली होती.

ओल्या कचऱ्याचं खत करायला मागच्या दारी ड्रम ठेवला. त्यात पहिल्यांदा अळ्या झाल्या, मग वास आला, मग शेजारचे आले.

इथपर्यंत त्रास फक्त घरच्यांना आणि शेजाऱ्यांना होता. पण त्याच सुमारास आमच्या मुलीचं, ज्ञानेश्वरीचं, लग्न ठरलं. मुलगा काष्टीचा, अमृत नावाचा, ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान चालवणारा. शांत, हसऱ्या चेहऱ्याचा. त्याचे वडील गहिनीनाथ, ऊस आणि कांदा करणारे, बोलायला मोजके. त्यांची आई बनुबाई, वयाने बरीच थकलेली, पण घरातला शेवटचा शब्द तिचा. साखरपुडा आमच्याकडे, घरासमोर मांडव घालून करायचा ठरला.

मांडव आमच्या मागच्या गल्लीतल्या बाबाजानभाईंचा. त्यांचा आणि माझा घरोबा लहानपणापासूनचा. मोजमाप घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "जेवणाला स्टीलची ताटं देतो. प्लास्टिकचं नाव नको ना तुमाला? न्हाई येणार."

काम इथेच संपत होतं. पण मग त्यात माझं काय राहिलं? मी म्हणालो, "नको बाबाजानभाई. ताटं आणायची म्हणजे टेम्पो आला. टेम्पो आला म्हणजे धूर आला."

"टेम्पो कशाला? गोडाऊन तुमच्या घराला लागून हाय. भितीवरून हात केला तरी ताटं येत्यात."

मी आवाज वाढवला. "प्रश्न ताटाचा नाही, सवयीचा आहे! प्रत्येकाने घरून आपलं ताट आणायचं, जेवायचं आणि स्वतः धुऊन न्यायचं. आपल्या गावात हे पहिल्यांदा घडेल."

बाबाजानभाईंनी टेप गुंडाळला. "घडंल," एवढंच म्हणाले आणि गेले.

मी मोबाईलवर आमंत्रण तयार केलं. वर गणपती, खाली दोघांची नावं, आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत : 'पर्यावरणाच्या रक्षणासाठी येताना प्रत्येकाने ताट, वाटी व पेला घेऊन यावे.' ज्योतीने ते वाचलं आणि म्हणाली, "गावात पाठवायचं तर पाठवा. काष्टीला नका पाठवू. पाहुण्यांना कुणी ताट घेऊन या म्हणतं का?"

"पृथ्वी काय फक्त बेलापूरची आहे का?" असं म्हणून मी ते सगळ्यांना एकदम पाठवून दिलं.

संध्याकाळी गहिनीनाथरावांचा फोन आला. रामराम झाला. मग त्यांनी पाऊसपाण्याची चौकशी केली.

"पाव्हणं," शेवटी म्हणाले, "तुमचा निरोप पोचला. एकच इचारायचं हुतं. ताटं आमी आनतो. जेवानबी आमीच आनू का?"

ज्योती शेजारीच उभी होती. तिने कपाळाला हात लावला. अजूनही वेळ गेलेली नव्हती. 'अहो, ते गावासाठी होतं, तुम्हाला चुकून आलं,' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. मी म्हणालो, "गहिनीनाथराव, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका. आपण पृथ्वीवर किती भार टाकतो याचा कधी विचार केलाय का?" आणि पुढे बराच वेळ त्यांना तो भार समजावून सांगितला.

"बरं," म्हणाले. "आनतो." आणि फोन ठेवला.

आतल्या खोलीतून ज्ञानेश्वरी बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "पप्पा," ती म्हणाली, "पृथ्वी वाचेल. माझं लग्न वाचेल का, ते बघा."

साखरपुड्याच्या दिवशी काष्टीची मंडळी मोठ्या गाडीतून उतरली. पुरुषांनी पांढरे कपडे, कडक टोप्या घातल्या होत्या, बायकांनी ठेवणीतल्या साड्या. आणि प्रत्येकाच्या हातात ताट. कुणी काखेत धरलेलं, कुणी पाठीमागे लपवलेलं. ज्या माणसांना आयुष्यात लग्नाला जाताना आहेराशिवाय काही न्यावं लागलं नव्हतं, ती माणसं गावच्या रस्त्यावरून ताट-वाटी घेऊन रांगेने चालत आली. पेठेतले लोक दुकानाबाहेर येऊन बघत राहिले. एकाने तर मला विचारलं, "भंडारा कुठं हाय?"

गहिनीनाथराव माझ्याकडे न बघता मांडवात गेले. एकटा अमृत मजेत होता. त्याने आपलं ताट छातीशी ढालीसारखं धरलं होतं आणि ज्ञानेश्वरी ते बघून तोंडावर पदर धरून हसत होती. तेवढाच माझ्या जिवाला आधार.

सगळ्यांच्या मागून नातसुनेचा हात धरून बनुबाई आल्या. त्यांच्या पदराखाली भलंमोठं पितळी ताट होतं, जुनं, जड, काठ उंच असलेलं. त्यांनी ते दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.

विधी नीट पार पडले. पंगत बसली. मसालेभात, वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी. बनुबाई भिंतीला टेकून आपल्या पितळी ताटात सावकाश जेवल्या. दृश्य चांगलं होतं. मी मांडवभर हात मागे बांधून फिरत होतो आणि कुणाच्या ताटात काही उरलेलं दिसलं की तिथे थांबून नुसता बघत राहायचो. माणूस मुकाट्याने घास घ्यायचा.

धुण्याची व्यवस्थाही मीच आखली होती. तीन टपं. पहिल्यात राखेचं पाणी, दुसऱ्यात खळबळायचं, तिसऱ्यात शेवटचं. कमी पाण्यात जास्त ताटं. पण माणूस जेवण झाल्यावर ताट धुतो की पान खायला जातो, याचा विचार कुठल्या कागदावर लिहिलेला नव्हता. पुरुषांनी ताटं टपापाशी ठेवली आणि गेले. बायकांनी नाइलाजाने पदर खोचले. बनुबाईंचा जेवून डोळा लागला होता, तेव्हा नातसुनेने त्यांचंही ताट धुवायला आणून ठेवलं. थोड्या वेळात तिथे स्टीलचा डोंगर झाला.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे भांड्यांवर नावं असतात, ओळखायला काय अवघड? मीही हाच विचार केला होता. पण भांड्यावरचं नाव ज्याचं भांडं त्याचं नसतं. ते देणाऱ्याचं असतं. आमच्या गावात एका वर्षी मनकर्णाबाई म्हणून एक वयस्कर बाई वारल्या, तेव्हा त्यांच्या मुलांनी घरटी एक ताट वाटलं होतं. त्यामुळे डोंगरातली निम्मी ताटं 'कै. मनकर्णाबाई यांच्या स्मरणार्थ' होती. मनकर्णाबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्या दिवशी आमच्या मांडवात सगळ्यात मोठी मालमत्ता त्यांची होती.

"हे माझं, ह्याला पोचा हाय."

"पोचा माझ्याबी ताटाला हाय."

"तुझा पोचा कडंला हाय, माझा मधी."

असं चालू असताना मी कुठे होतो? मांडवाच्या दारात. तालुक्याच्या बातम्या मोबाईलवर दाखवणारा एक माणूस आला होता आणि मी त्याला सांगत होतो की आज बेलापूरने जिल्ह्याला दिशा दिली. त्या गडबडीत बाबाजानभाईंची बायको बद्रुन्निसा माझ्यापाशी येऊन काहीतरी बोलली. मी कॅमेऱ्याकडे बघत "हो, हो, चालेल" म्हणालो. काय चालेल, ते मला माहीत नव्हतं.

ताटांच्या त्या गोंधळातच काष्टीची गाडी गेली. अंधार पडायच्या आत फोन आला. या वेळी गहिनीनाथरावांनी रामरामही केला नाही.

"आईचं ताट न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी न्हाई. गाडीत बघितलं, पिशव्या बघितल्या. तुमच्याकडंच ऱ्हायलंय. आई म्हनती, ताट आल्याबिगर लग्नाची तारीख काढायची न्हाई. आन तिनं सांगून ठिवलंय, दुसऱ्या ताटात जेवनार न्हाई."

"म्हणजे त्या जेवत नाहीत?"

"मी सांगितलं ते सांगितलं," म्हणाले आणि फोन बंद झाला.

एक म्हातारी बाई माझ्यामुळे उपाशी. मुलीचं लग्न अडलेलं. मी घर उलटंपालटं केलं, मांडवाच्या जागेवरचं गवत चाचपलं, खताच्या ड्रमातसुद्धा हात घातला. त्यात काय काय लागलं ते सांगत नाही. ताट नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी बाबाजानभाईंकडे गेलो. ते गोडाऊनमध्ये कनाती मोजत होते. "माझ्या सामानात पितळी ताट न्हाई, वैजूभाऊ. सगळं बघितलं. बद्रुन्निसा पहाटेच श्रीरामपूरला भनीकडं गेली, भनीची तब्येत बरी न्हाई. फोनबी घरीच इसरली. आली की तिलाबी इचारतो." मग जरा थांबून म्हणाले, "माझी स्टीलची ताटं मात्र जागेवर हायेत. एकबी हललं न्हाई." त्यांनी हे हसून म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. ते सहानुभूतीने म्हणाले.

मग मी गावात निघालो. सायकलच्या हँडलला दोन्हीकडे पिशव्या, पिशव्यांत मागे राहिलेली ताटं. म्हटलं, ज्याचं त्याला द्यावं आणि देता देता पितळी ताटाचाही शोध घ्यावा. रस्त्याला खड्डा लागला की अशी झांज वाजायची की लोक दारात यायचे. कुणाला वाटलं, जुन्या कपड्यांवर भांडी द्यायला आलोय. एक बाई तर जुनी साडी घेऊनच बाहेर आल्या.

पहिलंच घर रतनबाईंचं. त्यांनी माझ्याकडची सगळी ताटं एकेक करून उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "यातलं एकबी माझं न्हाई. आन माझ्याकडं आलंय तेबी माझं न्हाई. हे घे." म्हणजे एक ताट वाढलं. पुढच्या घरी दोन कमी झाली, त्याच्या पुढच्या घरी तीन वाढली. मच्छिंद्र म्हणून माझा वर्गमित्र आहे, त्याच्याकडे गेलो तर तो म्हणाला, "माझं ताट तुझ्याकडं गेलंय ते राहू दे. मला आलंय ते जास्त जाड हाय. तू काही बोलू नको."

जिथे गेलो तिथे पितळी ताटाचं विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. पण चहा सगळीकडे मिळाला. आणि खरं सांगायचं तर ज्यांच्या घराच्या उंबऱ्यावर मी कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं त्यांच्याकडे बसणं झालं. आम्ही रोज एकमेकांना पेठेत पाहत होतो, मी त्यांची कागदपत्रं प्लास्टिकमध्ये घालत होतो, पण कुणाच्या घरात कोण आजारी आहे, हे ताटं घेऊन गेलो तेव्हा कळलं. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे सारख्या उपाशी बसलेल्या बनुबाई येत होत्या.

भंगारवाल्याकडे गेलो तेव्हा मात्र मी हद्द केली. पितळेला चांगला भाव आहे, कुणीतरी इथे आणून विकलं असेल, असा माझा संशय. त्याने मला सरळ आतच नेलं. "बघा. मिळालं तर घेऊन जा." पितळी घंगाळं, समया, तांबे, मोडके पंप यांच्या ढिगात मी दुपारभर बसलो. निघताना तो म्हणाला, "वैजूभाऊ, तुमचं भाषण पोरीनं मोबाईलवर दाखवलं. चांगलं बोलता. पन आमचा धंदा म्हंजीच जुन्याचं नवं करायचा. आमच्यावरच संशय घेतला व्हय?" मी कोपरापर्यंत काळे झालेले हात जोडले आणि घरी आलो.

दोन-तीन दिवस असेच गेले. ज्ञानेश्वरी माझ्याशी बोलणं टाळत होती. अमृतशी तिचं फोनवर बोलणं चालू होतं, पण तोही म्हणत होता की आजीपुढे कुणाचं चालत नाही. ज्योतीने मला एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. तिने ते म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मग एका दुपारी मी दुकान बंद करून नुसता ओट्यावर बसलो असताना बद्रुन्निसाभाभी आल्या. श्रीरामपूरहून उतरून थेट आमच्याकडेच. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं.

"घ्या भाऊ. झाली कल्हई."

त्यांनी चादर सोडली. आतून ताट चांदीसारखं लखलखत होतं. उंच काठ, जड बूड.

"भाभी, हे... हे तुमच्याकडे होतं?"

"माझ्याकडंच! तुमाला सांगून तर नेलं. धुताना बघितलं, आतली कल्हई पार गेलेली, कडंला हिरवं चढलेलं. म्हातारी बाई त्यात आंबट काय खाईल तर पोट बिघडंल. माझा मामेभाऊ श्रीरामपुरात अजून कल्हई करतो. मी तुमाला इचारलं, भाऊ, हे नेऊ का, करून आणते? तुमी म्हनाले, हो, हो, चालेल."

"मी म्हणालो?"

"तुमी भाषन करत हुते," भाभी म्हणाल्या. त्यांनी ते दोष द्यायला म्हटलं नव्हतं. मी पूजेला बसलो होतो असं सांगावं, तशा साधेपणाने म्हटलं.

ज्योती दारात येऊन उभी होती. तिने ताट हातात घेतलं, उजेडात धरलं आणि इतक्या दिवसांचं दाबून ठेवलेलं हसू तिला एकदम फुटलं. भाभींना कळेना काय झालं. ज्योती त्यांचा हात धरून आत घेऊन गेली आणि चहाच्या आधणासोबत त्यांना सगळी हकिकत सांगितली. आतून दोघींचं हसणं किती तरी वेळ येत होतं. मी ओट्यावर ताट मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यात माझा चेहरा दिसत होता. कल्हई खरंच चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी एसटीने काष्टीला निघालो. ज्योती म्हणाली, गाडी भाड्याने घ्या, लवकर पोचाल. पण आता मला लवकर पोचायचंच नव्हतं. नगरला गाडी बदलली. काष्टीचा बाजारचा दिवस होता, दौंडकडे जाणारी एसटी खच्चून भरलेली. एक माणूस करडू घेऊन शेजारी बसला. करडाने ताटाची चादर वाटेत बऱ्यापैकी खाल्ली. माझं तिकडे लक्षच नव्हतं. गहिनीनाथरावांना काय बोलायचं याचीच जुळवाजुळव चालू होती. 'अनवधानाने' हा शब्द बरा वाटत होता.

त्यांच्या घरी पोचलो तर ते ओसरीवर कांद्याच्या गोण्या शिवत होते. मान वर करून "या" म्हणाले, पुन्हा मान खाली. आणि आत बनुबाई जेवायला बसल्या होत्या. चांगल्या जेवत होत्या. एका हातावर बाजरीची अख्खी भाकरी, भाकरीवर पिठलं, पिठल्यावर कांदा. ताटाबिताटाचा संबंधच नव्हता.

"आजी, तुम्ही जेवताय!" मी ओरडलोच.

"मग काय मरू?" बनुबाई म्हणाल्या. "दुसऱ्या ताटात जेवनार न्हाई म्हनले हुते. जेवनार न्हाई कोन म्हनलं?"

मी गहिनीनाथरावांकडे बघितलं. ते गोणी शिवण्यात फारच गढून गेले होते. पण त्यांच्या मिशीचं टोक हललं, ते मी पाहिलं.

मी चादर सोडली, ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि 'अनवधानाने'पासून सुरुवात केली. बनुबाईंनी हात वर करून मला थांबवलं. ताटाकडे बघितलं.

"हे कुनाचं?"

"तुमचं, आजी."

"माझं न्हाई. माझं पिवळं हुतं. हे पांढरं हाय. कुनाचं उचलून आनलं?"

कल्हई, श्रीरामपूर, भाभी, मामेभाऊ, सगळं एका दमात सांगितलं. बनुबाईंचा विश्वास बसेना. शेवटी त्यांनी भाकरी बाजूला ठेवली, हात पुसला, ताट उचलून पालथं केलं आणि बुडावरून बोट फिरवलं. तिथे ठोकून काढलेली ठिपक्यांची अक्षरं होती. फक्त 'बनु'. त्यांना वाचता येत नव्हतं, पण बोट बरोबर तिथेच गेलं आणि तिथेच थांबलं.

"व्हय," त्या हळूच म्हणाल्या. "माझंच हाय."

मग त्यांनी मला समोर बसवलं. "माझ्या बापानं दिलेलं. सासूनं आल्या आल्या काढून घेतलं, माळ्यावर टाकलं. पाव्हणंरावळं आलं की तिचा भाऊ त्यात जेवायचा. मी बघायची. ती गेली तवा मी सवता माळ्यावर चढून काढलं. तवापासनं दुसऱ्या ताटात जेवले न्हाई." जरा थांबून म्हणाल्या, "पन मांडवात, लग्नाकार्यात, आमाला बायांना कायम कागदाच्या ताटात. ह्यो गहिनी म्हनला, पाव्हण्यांनी ताट घेऊन या म्हनून आपला अपमान केला. मी म्हनलं, कसला अपमान? मला आजपत्तोर कुनी माझं ताट घेऊन जेवाया बोलावलंच न्हवतं. तुमीच पहिलं."

हे ऐकून माझ्या तोंडाशी एक अख्खं भाषण आलं. जुन्या सवयी, नवा विचार, आपली संस्कृती, सगळं रांगेत उभं राहिलं. मी तोंड उघडलं. बनुबाईंनी त्याच पांढऱ्या ताटात एक भाकरी आणि पिठल्याचा डाव वाढला आणि ते माझ्याच पुढे सरकवलं. "आधी खा. लांबनं आलाय."

बनुबाईंच्या ताटात बनुबाईंच्या आधी मी जेवलो. भरल्या तोंडाने भाषण करता येत नाही, ही फार चांगली सोय आहे.

जेवण झाल्यावर गहिनीनाथराव आत आले, पाट ओढून बसले. "पाव्हणं, तारीख काढू. लग्न आमच्या दारात हाय. आता आधीच सांगा, आमी काय काय आनायचं आन तुमी काय काय सांगनार."

"काही नाही," मी म्हणालो. "तुम्ही म्हणाल तसं."

"खरं?"

"खरं."

"मग गावकीची स्टीलची ताटं हायेत देवळात. ती वापरू. धुवायला मानसं लावू. म्हातारी तिचं आनल. चाललं?"

"चालेल," मी म्हणालो. या वेळी काय चालेल ते मला नीट ऐकू आलं होतं. निघताना मात्र मी भंगारवाल्याच्या घरी जाऊन माफी मागायची असं मनाशी ठरवलं, आणि बेलापूरला उतरल्यावर आधी तिकडेच गेलो. तो म्हणाला, "ताट मिळालं ना? मग झालं." आणि एक जुनी समई दाखवून मला विचारलं, हिला घ्याल का, चांगली आहे. मी घेतली.

लग्न काष्टीला झालं, थाटात झालं. बेलापूरहून बाबाजानभाई आणि बद्रुन्निसाभाभी आमच्याच गाडीत आले. बनुबाईंनी भाभींना शेजारी बसवून घेतलं आणि आपल्याच ताटातली बुंदी त्यांच्या ताटात वाढली. मला पंगतीत पाणी वाढायचं काम होतं. मी जग घेऊन खालच्या मानेने फिरलो. एका तरण्याबांड पोराने भरलेला पेला उचलला, दोन घोट घेतले आणि उरलेलं पाणी खसकन मांडवाबाहेर फेकलं. मी थांबलो. माझे ओठ उघडले. मग मी पुढच्या माणसाला पाणी वाढलं.

ज्योती बायकांच्या पंगतीतून माझ्याकडेच बघत होती. ती उठून लगबगीने आली आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, तब्येत बरी आहे ना?"